आधी आभाळ बघा, मग डबा उघडा

प्रश्न : माझं वय ६१. संगणक २०१६ सालचा. सुरू व्हायला सहा-सात मिनिटं लागतात, डब्यावरचा लाल दिवा सारखा लुकलुकत राहतो आणि फोटोंचा फोल्डर उघडला की पडद्यावर नुसतं चक्र फिरत बसतं. रोज सकाळी तारीख कुठल्या तरी जुन्याच सालावर गेलेली असते. भाचा म्हणतो, ‘मावशी, नवा घे.’ माझी मैत्रीण म्हणते, ‘आतले एक-दोन भाग बदल, पळायला लागेल.’ आम्ही दोघी रोज संध्याकाळी फोनवर बोलतो. सुरुवात हवेपासून होते आणि गाडी संगणकावर येऊन थांबते. हवा तरी कशी, सकाळी स्वेटर, दुपारी घामाच्या धारा आणि संध्याकाळी गडगडाट! परवा धीर करून डब्याची बाजू काढली. आत बोट लावलं तर चटकन झटका बसला. दचकून मागे सरले तर वायरीत पाय अडकला, पडता पडता वाचले. तेव्हापासून डबा बंद करून ठेवलाय. एसएसडी, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क, मागवली आहे, उद्या-परवा येईल. महिनाअखेरीला दीड वर्षांची नात राहायला येतेय, त्याआधी हे आवरायचंय. पण मी हात लावला आणि सगळंच गेलं तर?
— हात शिवशिवणारी मावशी

मावशी,

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही आणि मला सगळ्यात आधी तीच विचारायची आहे. आत बोट घातलंत तेव्हा प्लग सॉकेटमधून काढलेला होता का? की संगणक नुसता बंद केला होता?

विचारतोय अशासाठी, की बंद केलेला संगणक पूर्ण झोपलेला नसतो. प्लग लावलेला आणि सॉकेटचं बटण चालू असेल, तर आतल्या पॉवर सप्लायमधून मदरबोर्डला, म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात त्या मुख्य पाटीला, थोडा पुरवठा होतच असतो. म्हणून तर समोरचं एवढंसं बटण दाबल्यावर तो जागा होतो. तेव्हा डबा उघडायचा तर प्लग उपटून, डोळ्यांना दिसेल असा बाजूला ठेवायचा. मग समोरचं बटण दहा-एक सेकंद दाबून धरायचं, म्हणजे आत रेंगाळलेली वीज बरीचशी निघून जाते. इतकं झाल्यावरच स्क्रूला हात.

आता त्या झटक्याबद्दल. झटके दोन जातीचे असतात आणि त्यांतला फरक ओळखता यायला हवा. एक, ‘टच्’ असा एकदाच बसणारा. स्वेटर काढताना किंवा दाराच्या लोखंडी कडीला हात लावताना बसतो तसा. तो आपल्याच अंगावर साठलेल्या स्थिर विजेचा. दुसरा म्हणजे धातूच्या डब्यावरून बोट फिरवलं की सतत झिणझिणल्यासारखं, मुंग्या आल्यासारखं वाटतं तो. तो बहुतेक वेळा अर्थिंग नसल्याचा नाहीतर बिघडल्याचा इशारा असतो. प्लग लावलेला असताना असं झिणझिणत असेल, तर एसएसडी, रॅम (चालू कामापुरती माहिती धरून ठेवणारी मेमरीची पट्टी) सगळं बाजूला ठेवा आणि आधी वायरमनला बोलवून सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. त्यात तडजोड नको. तुमच्या वर्णनावरून मला पहिला प्रकार वाटतो, कारण तुम्ही ‘चटकन’ असा शब्द वापरलाय आणि सकाळच्या स्वेटरचाही उल्लेख केलाय. पण खात्री तुम्हीच करायची.

त्या एकदाच बसणाऱ्या झटक्याचा तुमच्या हवेशी थेट संबंध आहे. रोज संध्याकाळी हवेबद्दल बोलता, ते वायफळ नाही. ५ अंश सेल्सियसच्या हवेत, ती बाष्पाने पूर्ण भरलेली असली तरी, एका घनमीटरला जेमतेम ७ ग्रॅम पाणी मावतं. तीच हवा घरात येऊन २२ अंशांपर्यंत तापली की तिच्यात १९ ग्रॅमहून जास्त मावू शकतं, पण पाणी असतं तेवढंच. म्हणजे सापेक्ष आर्द्रता १०० टक्क्यांवरून ३५ टक्क्यांच्या आसपास येते. दमट हवेत वस्तूंवर ओलाव्याचा न दिसणारा थर असतो, त्यावरून विद्युतभार हळूहळू झिरपून जातो. कोरड्या हवेत त्याला वाट मिळत नाही. लोकर, सिंथेटिक कपडे, गालिचा यांच्या घर्षणाने तो अंगावर साठत जातो आणि पहिल्या धातूवर एकदम उतरतो. आपल्याला जाणवेल असा झटका साधारण ३००० व्होल्टच्या आसपास बसतो. भार अगदी थोडा असल्याने माणसाला त्यापासून इजा होत नाही. चिपच्या आतल्या भागांना मात्र काहीशे व्होल्ट, कधी त्याहून कमीही, पुरतात. म्हणजे आपल्याला कळणारही नाही अशा ठिणगीने रॅम जाऊ शकते.

घाबरवण्यासाठी सांगत नाही. उपाय फार सोपा आहे. स्वेटर काढून सुती कपड्यांत बसा, गालिच्यावर बसू नका आणि कुठल्याही भागाला हात लावण्याआधी डब्याच्या आतल्या, रंग न दिलेल्या धातूला हात लावा. काम चालू असताना मधूनमधून पुन्हा लावत राहा. मनगटाला बांधायचा अँटीस्टॅटिक पट्टा मिळतो, तो घेतलात तर उत्तमच. त्याचा चिमटा त्याच धातूला लावायचा. नवा भाग ज्या चंदेरी पिशवीत येतो, तिच्यातून तो बसवायच्या क्षणीच बाहेर काढा. बसवताना हिरव्या पट्टीच्या कडा धरा, सोनेरी दातांना बोट लावू नका.

परवाच्या झटक्याने काही गेलं असेल का, अशी शंका तुम्हाला आली असणार. संगणक त्यानंतर आधीसारखाच, म्हणजे आधीइतक्याच संथपणे, सुरू होत असेल, तर तूर्त त्याची चिंता सोडा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. ‘मी हात लावला आणि सगळंच गेलं तर?’ या ‘सगळं’मध्ये काय काय आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण फोटोंचा उल्लेख आहे. मदरबोर्ड गेला तर दुसरा मिळतो. डिस्कवरचे फोटो गेले तर बहुधा गेलेच. माझ्याकडे वडिलांच्या आवाजाच्या रेकॉर्डिंग होत्या. म्हातारपणी ते जुन्या गोष्टी सांगत बसायचे, मी फोन पुढे धरायचो आणि मग संगणकात साठवून ठेवायचो. डिस्कमधून टकटक असा आवाज यायला लागला, तेव्हा मला त्याचा अर्थ पक्का माहीत होता. तरी म्हटलं, रविवारी निवांत कॉपी करू. शनिवारी संध्याकाळी वादळ आलं, दिवे तीनदा गेले आणि तीनदा आले, आणि ती डिस्क पुन्हा फिरली नाही. वर्षभराचा आवाज गेला. दोन दिवस आधी ते काम तासाभराचं होतं.

म्हणून एसएसडीचं पार्सल यायची वाट बघू नका. हे पत्र वाचून झालं की बाहेरची डिस्क किंवा मोठा पेनड्राइव्ह जोडा आणि फोटो, कागदपत्रं, जे जे पुन्हा मिळणार नाही ते सगळं कॉपी करा. संथ डिस्कवरून रात्र लागली तर लागू दे, फक्त गडगडाट नसलेली रात्र निवडा. कॉपी झाल्यावर दहा-बारा फोटो त्या नव्या जागेवरून उघडून बघा. नुसती नावं दिसली म्हणजे फोटो पोचले असं नाही. मग आणखी एक प्रत करा आणि ती मैत्रिणीच्या घरी ठेवा. जाणकार याला तीन-दोन-एकचा नियम म्हणतात : एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. तुमच्या मूळ प्रतीसकट हा हिशोब बरोबर बसतो. त्यानंतर डब्यात काहीही झालं तरी तुमचं ‘सगळं’ जाणार नाही, आणि मग बघा, हात थरथरायचा थांबतो.

भाचा बरोबर की मैत्रीण? मैत्रिणीचं निदान मला पटतं. सतत लुकलुकणारा दिवा हा डिस्क दम लागेपर्यंत धावत असल्याचं लक्षण आहे. जुन्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरची तबकडी फिरते आणि तिच्यावर एक दांडी इकडून तिकडे सरकून माहिती वेचते. मिनिटाला ७२०० फेऱ्या मारणारी तबकडी असेल, तर एक फेरी सुमारे ८ मिलिसेकंदांची. हवी ती जागा दांडीखाली यायला सरासरी त्याच्या निम्मा वेळ, शिवाय दांडी सरकायचा वेगळा. एका फाइलसाठी हे काहीच नाही, पण सुरू होताना संगणक हजारो बारीकसारीक फाइली इकडून तिकडून गोळा करत असतो आणि तिथेच तुमची सहा मिनिटं जातात. एसएसडीत हलणारं काहीच नाही; कुठलीही जागा मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास सापडते. जुन्या संगणकाला नवा जीव देणारा इतका मोठा बदल दुसरा नाही, हे मी कितीतरी यंत्रांवर पाहून सांगतो.

तरी एकदा खात्री करून घ्या. संगणक सुरू करा, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तिन्ही कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर, म्हणजे कुठला भाग किती कामात आहे ते दाखवणारी खिडकी, उघडेल. डिस्कचा आकडा १०० टक्क्यांना चिकटून बसला असेल, तर एसएसडी मागवलीत ते बरोबर. त्याच्या शेजारी मेमरीही सतत ९० च्या वर असेल, तर रॅमही वाढवावी लागेल. एकूण रॅम ४ जीबीच असेल तर ८ करा. तुमच्या कामाला तेवढी पुरेल.

रॅम घेताना मात्र अंदाजाने घेऊ नका. २०१६ च्या सुमाराला डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या दोन्ही पिढ्या चालू होत्या, आणि एकीची दुसरीच्या जागी बसत नाही. डेस्कटॉपच्या डीडीआर३ ला २४० टोकं असतात, डीडीआर४ ला २८८, आणि मधली खाच वेगळ्या ठिकाणी. आहे ती पट्टी काढून तिच्यावरच्या स्टिकरचा फोटो घ्या आणि तो दाखवूनच नवी मागवा. बसवताना खाच जुळली की दोन्ही टोकांना अंगठ्याने दाबायचं, खटका आपोआप बसतो. त्याला जोर लागतो, पहिल्यांदा भीती वाटेल इतका लागतो. पण खाच जुळलेली नसताना लावलेला जोर पट्टीही मोडतो आणि जागाही.

एसएसडीचंही असंच. तुम्ही कोणती मागवलीत ते कळवलं नाहीत. चपट्या डबीसारखी अडीच इंची साटा जातीची, म्हणजे जुन्या डिस्कसारखी वायरीने जोडायची, असेल तर निश्चिंत राहा, तुमच्या संगणकात ती बसणारच. पण बोटभर रुंदीची, २२ मि.मी. बाय ८० मि.मी.ची उघडी पट्टी, म्हणजे एम.२ जातीची असेल, तर मदरबोर्डवर तशी खाच आहे का, आणि असली तर ती साटा चालवते की एनव्हीएमई ही नवी, जास्त वेगवान जात, हे मॅन्युअलमध्ये बघावं लागेल. दिसायला दोन्ही सारख्याच असतात, त्यामुळे इथे फसगत फार होते. जुळत नसेल तर पाकीट न फोडता बदलून घ्या.

भाच्याच्या म्हणण्यातही तथ्य आहे, ते मी लपवणार नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, आणि २०१६ सालचे प्रोसेसर अधिकृत यादीत बसत नाहीत. म्हणजे यंत्र पळायला लागलं तरी त्याला सुरक्षा अपडेट कुठून मिळणार, हा प्रश्न उरतोच. पत्रं लिहिणं, फोटो बघणं, व्हिडिओ, इंटरनेट एवढंच काम असेल, तर नव्या एसएसडीवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही दुसरी प्रणाली टाकून बघा. ते फुकट आहे, मराठी टंकलेखन त्यात होतं आणि खिडक्या-बटणांची मांडणी तुम्हाला परकी वाटणार नाही. विंडोजवरच चालणारा एखादा प्रोग्रॅम तुम्हाला रोज लागत असेल, तर मात्र आता या यंत्रात एसएसडीपलीकडे पैसे घालू नका, भाच्याचं ऐका. अडीच इंची एसएसडी घेतली असली तरी ती फुकट जात नाही. साटाची सोय असलेल्या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये ती बसते, नाहीतर यूएसबीची केबल लावून बॅकअपला वापरता येते.

पार्सल आल्यावर लगेच उघडू नका. गारठ्यातून आलेलं असेल तर घरात तीन-चार तास तसंच बंद राहू दे. थंडीतून उबदार घरात आल्यावर चष्म्यावर धुकं धरतं ना, तसंच थंड धातूवर आणि सर्किटवरही धरतं. चष्मा पुसता येतो, सर्किटच्या आतला ओलावा पुसता येत नाही. खोक्यात राहून वस्तू खोलीइतकी उबदार झाली की हा धोका संपतो. थंडीत प्रवास करून आलेल्या लॅपटॉपलाही हाच नियम, ही गोष्ट मैत्रिणीलाही सांगा.

संध्याकाळचा गडगडाट मला जास्त काळजीचा वाटतो. वीज तुमच्या घरावर पडायची गरज नसते. आसपासच्या तारांवर किंवा जमिनीवर पडली तरी व्होल्टेजचा लोट वायरींतून घरात येतो. बहुतेकांना वाटतं, सर्ज प्रोटेक्टरची पट्टी लावली की काम झालं. ती पट्टी रोजच्या लहान लोटांसाठी चांगली आहे, जवळ पडलेल्या विजेला ती पुरी पडत नाही. शिवाय तिच्या आतला जो भाग लोट झेलतो, तो प्रत्येक झेलीबरोबर थोडा झिजतो. कित्येक वर्षं जुनी पट्टी बाहेरून ठणठणीत दिसते, दिवाही पेटतो, आणि आत संरक्षण काहीच उरलेलं नसतं.

खात्रीचा उपाय म्हणजे प्लग काढणं, आणि तेही वादळ पोचायच्या आधी. आवाज एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद घेतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मोजा. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वादळ दहा किलोमीटरच्या टप्प्यात आलंय. आता वायरींना हात लावायचा नाही, राहिला प्लग तर राहिला. संगणकापेक्षा तुमचा जीव मोलाचा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ दे, मग जोडा. प्लग काढताना इंटरनेटची वायरही काढायची, कारण लोट त्या वाटेनेही येतो. तुमच्याकडे वादळ संध्याकाळी येतं असं दिसतंय, तर तोपर्यंत कामं आटपून प्लग काढून ठेवायची सवयच लावून घ्या.

घरातले दिवे लुकलुकत असतील तर यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर थोडा वेळ बॅटरीवर संगणक चालवणारा डबा, घ्यायला हरकत नाही. दहा मिनिटं मिळाली तरी सगळं नीट साठवून बंद करता येतं. फक्त त्यातली शिशाची बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षंच चालते, हे लोक विसरतात. बॅटरी मेलेला यूपीएस ऐन वेळी दगा देतो.

वायरीत पाय अडकला ते तुम्ही एका ओळीत लिहून मोकळ्या झालात. मला ती ओळ सोडवत नाही. एकसष्टाव्या वर्षी पडणं हे रॅम जाण्याहून फार महाग पडतं. जाण्या-येण्याच्या वाटेवरची एक्स्टेंशन आजच भिंतीकडे सरकवा. टेबल सॉकेटजवळ नेता आलं तर सगळ्यात बरं. वायर गालिच्याखालून नेऊ नका; पायाखाली ती दबून आवरण फाटतं, तापते, आणि वरून कुणाला काही दिसत नाही. काम करताना डबा जमिनीवर ठेवून वाकू नका, टेबलावर आडवा घ्या, बसायला पक्की खुर्ची घ्या, उजेड भरपूर घ्या. डब्याची बाजू काचेची असेल तर ती काढून फरशीवर कोपरा टेकवून उभी करू नका. ती टणक काच असते, सपाट धक्का सोसते; पण कडेला फरशीचा टोकदार स्पर्श झाला तरी एका क्षणात तिचा चुरा होतो. अंथरुणावर आडवी ठेवा. आत पत्र्याच्या कडा आणि पंख्याखालच्या धातूच्या पाकळ्या बोट कापतात, तिथे सावकाश. आणि पॉवर सप्लायचा चौकोनी डबा कधीही उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, धोकादायक व्होल्टेज धरून ठेवू शकतात. धूळ बाहेरूनच उडवा. उडवताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर हवेने तो गरगर फिरून खराब होतो.

दुपारच्या उन्हात संगणक आणखी मंद होतो का, हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण होत असणार. प्रोसेसर फार तापला की स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. दहा वर्षांची धूळ काढली आणि मागची जाळी भिंतीपासून वीतभर दूर ठेवली, तरी फरक पडेल.

आता रोज सकाळी मागे जाणारी तारीख. तुम्ही तो किरकोळ त्रास म्हणून लिहिलाय. मदरबोर्डवर नाण्यासारखी एक बॅटरी असते, सीआर२०३२, २० मि.मी. रुंद, ३ व्होल्टची. संगणकाचा वीजपुरवठा बंद असताना घड्याळ तिच्यावर चालतं. ती संपली, एवढंच. बदलायला दोन मिनिटं लागतात, खटका बाजूला केला की ती वर येते, आणि अक्षरांची बाजू वर ठेवून नवी बसवायची.

पण मावशी, तुमच्याकडे दीड वर्षांची नात येतेय, म्हणून इथे मी थांबून बोलतोय. या अख्ख्या कामात सगळ्यात धोक्याची वस्तू हीच आहे. लहान मुलाने ती गिळली आणि अन्ननलिकेत अडकली, की ओलसर आतल्या त्वचेतून प्रवाह वाहू लागतो, तिथे तीव्र क्षार तयार होतो आणि ऊती जळत जातात. दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते. घड्याळ चालवायला कमी पडणारी ‘संपलेली’ बॅटरीसुद्धा एवढं करू शकते. मूल सुरुवातीला नुसती लाळ गाळतं, खायला नको म्हणतं, खोकतं; सर्दी-खोकला वाटून वेळ निघून जातो. गिळल्याची नुसती शंका आली तरी ओकारी काढायला लावू नका, वाट बघू नका, थेट रुग्णालयात न्या आणि ‘नाण्याच्या आकाराची बॅटरी’ असं स्पष्ट सांगा.

तेव्हा जुनी बॅटरी काढल्याक्षणी तिच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि ती झाकणाच्या डबीत, उंचावर ठेवा. विल्हेवाट इ-कचऱ्यात, घरच्या केराच्या टोपलीत नाही. नवीही एकच घ्या. पाकीट आणलंत तर उरलेल्या कुलपात. आणि हाताशी आहातच, तर वजनकाटा, रिमोट, खेळणी यांतल्या अशा बॅटऱ्यांची झाकणं स्क्रूने बंद आहेत ना, तेही त्याच दिवशी बघून घ्या. काढलेले स्क्रूही मोजून ठेवा. कागदावर डब्याचं चित्र काढून ज्या जागेचा स्क्रू त्या जागेवर चिकटपट्टीने लावला की एकही जमिनीवर राहत नाही. म्हणून हे काम नात यायच्या दोन दिवस आधी नको, आठवडाभर आधी करा.

दिवस कुठला? आदल्या रात्री हवामानाचा अंदाज बघा. वादळाचा इशारा नसलेला, फार कोरडा नाही आणि घाम टिपकेल असा दमटही नाही, असा. वेळ सकाळची, स्वेटर उतरवण्याइतकी ऊब आल्यावर. मैत्रिणीला बोलवा. एकीने हात चालवायचे, दुसरीने टॉर्च धरायचा आणि प्रत्येक वायर काढण्याआधी तिचा फोटो घ्यायचा. साटाच्या वायरींची टोकं इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची असतात, उलटी बसतच नाहीत, त्यामुळे चुकायची भीती कमी. जुनी डिस्क काढायची, तिच्या दोन वायरी नव्या एसएसडीला लावायच्या, स्क्रू बसवायचे. हात चालवायचं काम खरोखर अर्ध्या तासाचं आहे. पुढचं सॉफ्टवेअरचं काम भाच्यावर सोपवा. नवा घे म्हणणाऱ्याला तेवढं करू दे.

पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा काळा राहिला तर दचकू नका. बंद करा, प्लग काढा, रॅमची पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवा. दहापैकी बऱ्याच वेळा तेवढंच असतं. तरीही नाही झालं तर मला पडद्याचा, मदरबोर्डचा आणि रॅमच्या स्टिकरचा असे तीन फोटो पाठवा.

आणि काढलेली जुनी डिस्क पुसू नका, कुणाला देऊ नका. तिच्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवा, चंदेरी पिशवीत घाला आणि कपाटात दोन महिने तशीच ठेवा.